पार्सलवरचा पत्ता

डनेडिनहून दिगंबरचा फोन :
"मामा, इथल्या ओढ्याचं नाव लीथ.
एडिंबरातनं आणलेलं. रस्तेही तिथलेच,
चढ न बघता डकवलेले."

मी गंगावेशीत, सुतळी दातात धरून :
मिरजकर तिकटीवर मिरजेचं कोण राहतंय रं?

हसला. मग गप्प.
बोटीतनं ओल्या पायांनी उतरल्यावर
त्या माणसांनी आधी कुणाला हाक मारली असेल,
पोरांना, की गल्लीला?

त्याच्याही आधीचं नाव विचारलं.
"ओटेपोटी," म्हणाला हळूच,
शेजाऱ्याची वस्तू परत दिल्यासारखं.

चटणीचा डबा बांधला. पत्ता उतरवून घेतला.
"अजून एक ओळ हाय मामा.
दारावर खडूनं रंकाळा लिहिलंय.
घरमालकीण रँकला म्हणते.
पावसात पुसतं सारखं.
तू पेनानं लिही."