पाचवी ब, मार्च

फळ्यावर वर्तुळ काढलं, त्याचे दहा भाग केले
आणि म्हटलं, समजा हे संत्रं.
"समजा काहून, मिस?" अन्वीक्षा बोरकुटे म्हणाली,
"संत्रं आहे नं माह्याकडे."
काटोलकडचं, मृगबहाराचं,
सैल सालीचं, दप्तरात बुडाशी थोडं दबलेलं.

त्यानंतर तो तास माझा राहिला नाही.

वर्तुळ दहा म्हणत होतं, संत्रं अकरा निघालं.
सुगत गजभियेच्या डब्यातलं नऊ.
झुबेरच्यात दहा, पण एक इतकी बारीक
की तिला फोड म्हणायचं की नाही
यावर मागच्या दोन बाकांचं भांडण.
पुस्तकातल्या फोडी सारख्या असतात.
"मग पुस्तकातलं संत्रं कुठलं?"
मी म्हटलं, बाहेरगावचं.

व्हरांड्यात फ्रान्सिसभाऊ कुलरच्या चौकटीत
नवा वाळा भरत होते.
पाणी मारल्यावर वास वर्गापर्यंत आला,
आणि काही वेळ कुणीच काही मोजलं नाही.

अकरावी फोड रेजिना टोप्पोच्या वाट्याची.
तिनं ती खाल्ली नाही, वहीच्या कोपऱ्यावर ठेवली.
चाळीस दिवस संत्री सोडलीत म्हणाली,
ईस्टरपर्यंत.
वर्गातल्या बाकीच्यांनी चॉकलेट सोडलंय,
पण चॉकलेट तिला एरवीही मिळत नाही,
मग ते सोडलं असं कसं म्हणायचं?

सुगतनं हात वर केला.
"खाल्ली नाही, तर ती फोड छेदात धरायची का?"
बावीस वर्षं अपूर्णांक शिकवते आहे.
डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं.
त्यानंच उत्तर दिलं शेवटी:
आजी पौर्णिमेला अष्टशील घेते,
रात्री जेवत नाही,
तरी आई भाकऱ्या मोजताना
तिची धरतेच.

घंटा झाली. फोड तिथेच.
मधल्या सुट्टीत रेजिनानं नखानं ती उघडली,
गर खिडकीत ठेवला, साळुंकीनं नेला.
बिया दोन. एक पोचट.
दुसरी तिनं विज्ञानाच्या कोपऱ्यात
ओल्या कापसावर ठेवली,
सगळ्यांच्या मटकीशेजारी,
आणि चिठ्ठी लावली: रे. टो., एक छेद अकरा.

मटकीला दुसऱ्याच दिवशी मोड आले.
चवळी उठली, वाकली, पिवळी पडली, फेकून झाली.
संत्र्याची बी तशीच.
इंगोले सर म्हणाले, मेली असेल.
सिस्टर हर्मिना म्हणाल्या, पाणी घालत राहा,
त्याला काही पैसे पडत नाहीत.

चॅपलमधल्या मूर्तींवर जांभळी कापडं आली.
पाचवी ब रांगेनं बघून आली.
कापडाखाली ते डोळे मिटतात की उघडे ठेवतात,
यावर परत येताना दोन गट.
झावळ्यांचा रविवार गेला,
तोंडी परीक्षा झाली,
कोकणातल्या नद्या सगळ्यांनी उलट्या क्रमानं सांगितल्या.

ईस्टरच्या सुट्टीनंतर कोपऱ्यात गर्दी.
बीला मोड आला होता.
एक नव्हे, तीन,
एकाच बीतून, एकमेकांना ढकलत.
संत्र्याचं असंच असतं, सर म्हणाले,
पण आवाज जरा खाली होता.

रेजिनानं जुनी चिठ्ठी खोडली
आणि लिहिलं: तीन छेद एक.
"वर जास्त अन् खाली कमी,
असं चालते, मिस?"
चालतं, म्हटलं.
त्याला अंशाधिक म्हणतात.
पुढच्या पाठात आहे,
पण आता कळलंच आहे तर असू दे.

पारा बेचाळीसवर गेलाय.
सुट्टीत कापूस तासाभरात कोरडा होईल,
आणि पाणी कोण घालणार ते ठरलेलं नाही.
दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून
मी घरी नेईन म्हणते.
गोपाळनगर, दुसरा मजला.
ऊन दुपारी दोननंतर येतं.