जमिनीपासून चार बोटं

तीस वर्षं मी फळ्यावर गाड्या पळवल्या.
स्थिर अवस्थेतून निघालेल्या, एकसमान त्वरणाच्या.
घर्षण नगण्य मानावे. हवेचा रोध नगण्य मानावा.
चालवणारं कुणी नाहीच, असंही मानावे.
पोरं डॉक्टर झाली,
मी बार्शी रोडला क्लासचे तीन मजले चढवले,
आणि चोपन्नाव्या वर्षी पासबुकात
एक आकडा नुसता बसून राहिला,
उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या
मागच्या बाकावरच्या पोरीसारखा.

पहिली गाडी डॉक्टर बिदादांची. डोळ्यांचे डॉक्टर.
संगमरवरी फरशी, एसी, पांढरी खोळ.
खोळ त्यांनी काढली
ऑपरेशननंतरची पट्टी काढतात तशी, हळू,
आधी कडा मोकळ्या करत.
पिवळी. करडई ऐन फुलात असते ती पिवळी,
सुकताना केशरी होते त्याच्या आदल्या दिवसाची.
दार वरती उघडलं, कोंबडीनं पंख उचलावा तसं.
मी त्यात बसले नाही, उतरले,
विहिरीत उतरावं तशी:
एक पाय, मग पदर, मग उरलेली मी.

मीटरवर चारशे बारा किलोमीटर.
"पुण्याहून आणली त्याचे तीनशे तीस," डॉक्टर म्हणाले.
"आणि बाकीचे?"
"पाव्हण्यांना दाखवताना."
दर रविवारी दहाला चालू करतात. पाच मिनिटं. बॅटरीसाठी.
त्यांनी बटण दाबलं.
अनुनादाचा धडा मी अठ्ठावीस वेळा शिकवला होता.
फासळ्यांना कळला तो त्या दिवशी.

दुसरी नांदेडहून आली, स्वतःच्या चाकांवर.
दोन सीटांची. छप्पर हातानं मागं ढकलायचं.
लाल होती म्हणे, आता गेरूकडं झुकलेली.
सीटच्या फटीत शेंगांची टरफलं, एक कानातलं,
अर्धापूरच्या पंपाची पावती.
त्र्याण्णव हजार किलोमीटर.
विकणारा जसपाल, स्पेअर पार्टवाला, चहा न घेता निघाला.
जाताना एवढंच म्हणाला,
"दुसरा गियर जरा अडतो. रागवू नका त्याच्यावर."

मुनीर मिस्त्रीला दोन्हीकडे नेलं.
टेप काढलाच नाही त्यानं.
पिवळीच्या ओठाखाली काळी बोटं घातली, मोजली.
"चार बोटं हाय मॅडम.
तुमच्या घरापासून क्लासपर्यंत सतरा स्पीडब्रेकर.
ही अठरावा होऊन बसल."

हसले मीही. पण रात्री झोप येईना,
उठून पेपर तपासायच्या लाल पेनानं गणित मांडलं:
चारशे बारा किलोमीटर, भागिले तीन वर्षं.
ताशी पंधरा मीटर.
हा तिचा सरासरी वेग.
ती जगातल्या वेगवान गाड्यांपैकी एक आहे.
दोन्ही विधानांना पूर्ण गुण द्यावे लागतील.

लाल घेतली.
कारण विचारणाऱ्यांना सांगते,
नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं,
दोन बादल्यांत धुऊन होणारी गाडी बरी.

पहाटे साडेपाचला छप्पर मागं टाकून औशाकडं निघते.
रानं सोयाबीन काढून मोकळी, ढिगांवर ताडपत्र्या,
वारा कानात, पदर कमरेत गच्च.
फाट्यावर दुधाच्या कॅनी लावलेला पोरगा
फटफटी शेजारी घेतो.
"कुठं निघलालाव मॅडम?"
"कुठंच नाही रे."
"मग एवढ्या जोरात?"
ह्या प्रश्नाला माझ्याकडे सूत्र नाही.
दुसरा गियर अडतो. मी रागवत नाही.

रविवारी मात्र, दहाला पाच मिनिटं कमी असताना,
बिदादांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते.
इंजिन बंद करते. काच खाली.
भिंतीपलीकडे ती सुरू होते,
जागच्या जागी, सगळ्या ताकदीनिशी,
आणि माझ्या स्टिअरिंगवरचे हात
आपोआप जरा घट्ट होतात.

मग शटर पडतं.
मी किल्ली फिरवते.
माझी पहिल्या झटक्यात चालू होत नाही.
दुसऱ्यात होते.