बाटल्या

केळशीच्या अलीकडे, घाट उतरून रस्ता
खाडीला लागतो तिथे माझी टपरी.
पंप लांब, म्हणून फळीवर बाटल्या.
अर्धा लिटर, एक लिटर,
उन्हात कोकम सरबतासारख्या तांबूस.
एका पोराने खरंच विचारलं होतं,
मावशी, थंड आहे ना?

खातू मास्तर दर मंगळवारी एक लिटर नेतात.
जुनी मोटरसायकल, चार लाथांशिवाय सुरू होत नाही.
मुलगा बंगळुरूहून सांगतो, विका, बॅटरीची घ्या.
मास्तर हं म्हणतात.
मला एकदा बोलले, तोंड खाडीकडे करून:
ही वळणावर आली की आवाजावरून
ती चहाचं आधण ठेवायची.
आता कोण ठेवतंय.
पण आवाज तरी माझ्याआधी घरी पोचतो.

परवा पिंपरीची गंधाली आली, नवरा,
मागच्या सीटवर झोपलेली मुलगी.
गाडीत चार टक्के.
उतारावर थोडी भरली, म्हणाली, नाहीतर अडकलोच होतो.
उतरताना कमावते, हे मला आवडलं.
आमच्याकडे उतरताना नुसते ब्रेक झिजतात.

मासळीच्या फ्रीजची पिन काढून त्यांची लावली.
बसल्या बसल्या विचारलं, पेट्रोलची का सोडलीत?
वाटलं, धूर, हवा, असलं काही सांगेल.
म्हणाली, बाबा टँकरवर होते.
घास भरवायचे तेव्हा भातालाही तोच वास.
एवढं बोलून पापडाचा तुकडा मोडत राहिली.
मग नवऱ्याने हिशेब सांगितला,
किलोमीटरला एवढे पैसे, वर्षाला तेवढे.

अकरा टक्क्यांवर लाईट गेली.

मंगळवार होता. मास्तरही आले.
बर्फ सुटलेली सुरमई मी तळायलाच घेतली,
नाहीतरी फुकट जाणार होती.
काट्यांवरून बरंच बोलणं झालं,
गाड्यांवरून नाही.

लाईट आली साडेनवाला.
निघताना नवरा म्हणाला, किती झाले?
बाटलीचे मला पाठ आहेत, दहा रुपये सुटतात.
विजेला कुठलं माप लावू?
सुरमईचे घेतले फक्त.

रस्त्यात टिकली झोपली होती, आमची कुत्री.
मास्तरांची फटफट ऐकून ती नेहमी
आळस देत उठते, बाजूला होते.
ही गाडी तिच्या शेपटीपर्यंत आली
तरी तिला पत्ता नाही.
मी हाक मारणार होते.
पण दिवे मंद करून
गाडीच थांबून राहिली.