बाकी काही नाही जी

मेडिकलच्या ओपीडीत, सतरा नंबरच्या टेबलाशी
मी तोच प्रश्न विचारते, दिवसातून सत्तर वेळा:
आणखी कुठलं औषध चालू आहे?
सुकाजी हेडाऊ, राहणार टांडापेठ, वय अडुसष्ट,
टोपी मांडीवर ठेवून सांगतात,
"बाकी काही नाही जी."

मी लिहिते: काही नाही.

हृदयातली झडप बदलून तीन वर्षं झाली.
शांततेत टिकटिकते म्हणे,
नातू रात्री छातीवर डोकं ठेवून मोजतो.
तिच्याभोवती रक्ताची गाठ होऊ नये म्हणून
रोज संध्याकाळी गोळी,
कधी अख्खी, कधी निम्मी, रिपोर्ट पाहून.
आजवर आकडा अडीचच्या आसपास, शहाण्यासारखा.
आज साडेसहा.

हिरड्यांतून रक्त? "थोडंसं."
आणि दंडावरचा हा जांभळा डाग?
"मागाची मूठ लागली असन."
"माग इकून दहा वर्ष झाले, बाबा,"
मागे उभी सून म्हणते.
मग, जरा थांबून,
"अन् तो काढा?"

काढा म्हणजे का औषध हाये?
हे ते बोलत नाहीत, त्यांच्या भुवया बोलतात.
इतवारीतून आणलेला पुडा, त्यात हळद, सुंठ,
आणखी कसली तरी साल,
वरून उपाशीपोटी लसणाच्या सहा पाकळ्या.
व्याह्यांनी सांगितलं. व्याह्यांना गुण आला.
व्याह्यांच्या छातीत झडप नाही.

"महिना झाला. आंग हलकं वाटते."

जन्मभर मागावर रक्ताचं पाणी केलं या माणसानं,
म्हणायची पद्धत म्हणून.
आता ते खरोखर होत होतं, घोट घोट,
पितळी पेल्यातून.

मी समजावू लागते. लसूण वाईट नाही,
गोळी वाईट नाही, दोन्ही एकाच कामाला लागल्या, आणि
माझंच बोलणं मला माहितीपत्रकासारखं ऐकू येतं.
ते हवेत चिमटीत एक सूत धरतात.
"म्हणजे ताण दोन्हीकून पडला.
चांगलं सूतबी तुटते मंग."

हो काका.
(हे वाक्य मी चोरलंय. आजही वापरते, नाव न सांगता.)

भरती केलं. पाचव्या दिवशी घरी गेले.

तेव्हापासून फॉर्मवरचा प्रश्न मी वाचत नाही.
विचारते, सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं?
आणि टेबल भरून जातं:
साखरेच्या गोळीआधी गिलासभर कारल्याचा रस,
अकराच्या सुमारास हातपाय थरथरतात, दरदरून घाम,
"उन्हानं होत असन न मॅडम?"
थायरॉइडच्या गोळीवर लगेच इसबगोल.
लघवीची गोळी घेणारे एक मास्तर
खिशातून ज्येष्ठमधाची कांडी काढून मलाच देतात,
"चघळा, तुमचा आवाज बसला."

कोणीच काही लपवत नव्हतं.
ते घरचं होतं, इतकंच.
पाहुण्यांची यादी करताना
घरच्या माणसाचं नाव कोण लिहितं?

रात्री सक्करदऱ्याला आईची नवी चिठ्ठी वाचते.
बीपीची गोळी बदललीय.
"आणखी काय घेतेस गं?"
"काही नाही बाई," ती म्हणते,
टीव्हीवरची नजर न हलवता.

ओट्यावर एक वाटी,
वर बशी झाकलेली.

मी बशी उचलते.