शब्दकोशात जोडा

नऊला दुकान बंद करतो.
झेरॉक्सची काच निवेपर्यंत शटर अर्धं ओढून
आतच बसून राहतो, घणसोली गावात,
जिथे सेक्टर संपतात
आणि शेजारच्या घराचा नंबर शेजारच्या घराला माहीत नसतो.

दिवसभर याच कॉम्प्युटरवर
प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार,
साडेबारा टक्क्यांच्या फाइलीला जोडायचा चौथा अर्ज.
तेव्हा त्याला सगळं येतं.
उपरोक्त येतं, सदर येतं, हस्तांतरण तर पाठच आहे.

रात्री मी कोरं पान उघडतो
आणि लिहितो, निवटी.
खाली लाल नागमोडी रेघ.
शिलोत्री. रेघ.
बोक्शी. रेघ.
जोमा, म्हणजे माझा बाप,
त्याच्याही पायाखाली रेघ,
आणि सूचना : जोमात लिहायचं आहे का?

खाजण लिहिलं तर विचारतो, खाजगी?
तसंच झालं की आमच्याकडे,
मधलं सरकारी तेवढं यानं गाळलं.

लिहिताना नेट लावत नाही.
तोवर सगळं या पेटीतच राहतं :
मसुदा चौदा, मसुदा चौदा नवा,
मसुदा चौदा खरा.
मग फोन गजाला टेकवून ठेवतो,
एक कांडी येते, जाते, येते,
आणि मी प्रकाशित करा वर बोट ठेवतो,
जरा वेळ नुसतंच.

त्या रात्री पोशाकाकावर लिहिलं होतं.
अवसेच्या उधाणाला तो उघाडीवर बसायचा,
कंदील, काठी, कानामागे विडी.
भरती चढली की दार पाडायचं,
ओहोटीला उचलायचं.
एक फळी चुकली तर सात घरांचा भात खारा.
तो कधी चुकला नाही, असं मी लिहिलं
आणि पावणेबाराला पाठवून दिलं.

सकाळी सातला हरेशचा फोन.
"माझ्या बापाचं काय केलंस रे?"

उघडून बघतो तर
जिथे जिथे उघाडी, तिथे तिथे उघडी.
न विचारता, एक काना काढून घेतलेला, अकरा वेळा.
पोशाकाका रात्र रात्र उघडीवर बसायचा.
उघडीसाठी त्यानं लग्नाची हळदसुद्धा सोडली होती.
दिवाळ्यापासून गोठिवलीपर्यंत लोक हसत होते.

हिरुबायकडे गेलो, माफी मागायला.
ती सुकट निवडत होती.
वाचून दाखवलं, जसं छापून गेलं तसं,
एकही शब्द न सावरता.
हात थांबले नाहीत तिचे.
"खोटा काय लिवलाय?" म्हणाली,
"दार नेला, बांद नेला,
मंग उघरीच ना ती?"
मग पदर तोंडाला लावून
इतकी हसली की सुपातलं सगळं सांडलं,
आणि ते वेचता वेचता
पंचवीस शब्द सांगितले तिनं,
मी हिशेबाच्या वहीच्या मागं उतरवून घेतले.
काही मलाही ठाऊक नव्हते.

तेव्हापासून रात्रीचं काम हेच.
शब्दावर उजवी टिचकी,
यादी खाली घसरते,
शब्दकोशात जोडा.
रेघ पुसली जाते, आवाज न होता.
उघाडी जोडली. बोक्शी जोडली. निवटी, शिलोत्री, खाजण.
बापाचं नाव मात्र तीन रात्री तसंच ठेवलं,
का ते सांगता येत नाही,
चौथ्या रात्री जोडलं.

परवा सकाळी एक गिऱ्हाईक आलं,
गाळ्याचा करार, स्कूटर चालूच ठेवून.
घाईत माझी एक वेलांटी राहिली : खाजग.
लाल रेघ आली.
मी टिचकी मारली, सूचना आल्या.
वरती होतं, खाजण.
त्याच्याखाली, खाजगी.

बाहेर स्कूटर धुरत होती.
मी खालचं निवडलं.