वायसर

वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड,
पत्र्याच्या शेडमागची खोली.
माझं काम एवढंच : नळ उघडायचा, बंद करायचा.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
कारखाना वायसरचा.
रबराची चकती, चार आण्याएवढी,
जी झिजली की अख्खं शहर
रात्रभर टपटपतं.

धुरी केमिस्ट. मूळ आचऱ्याचा.
त्याच्या शर्टाला गंधकाचा वास इतका
की बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची.
एका शनिवारी त्याने माझ्या तळव्यावर
एक काळा वायसर ठेवला, अंगाऱ्यासारखा.
"सरूताय, हो झिजासर मोज."

मी मोजत राहिले.
गणपती आले, गेले.
तिसरी वही मागितली तेव्हा
स्टोअरवाल्या कारखानीसने दोन सह्या घेतल्या.
माझ्या मनगटाला क्रेप बँडेज आलं,
वायसरला ओरखडा नाही.
तीन लाख बारा हजार चारशे पाच.
तिथे धुरीने नळावरचा माझा हात धरला
आणि सगळ्यांदेखत रडला.

छेडा शेठने पेढे वाटले.
पेढा तोंडात असतानाच
पॅकिंगच्या हौसाबाईने विचारलं,
सहज, पदराला बोटं पुसत :
"मग लोक दुसरा कधी घेणार?"

शेठ आणि युनियनचा भोईर
नऊ वर्षं एकमेकांशी नोटिशीतून बोलत.
त्या संध्याकाळी एका बाकावर बसले,
एका किटलीतला चहा प्यायले.
भोईरने शेठच्या बशीवर फुंकर घातली म्हणतात,
तेवढं मी पाहिलं नाही.
गेटवर प्लंबर जमलेले, कोपरीपासून कळव्यापर्यंतचे,
हातात पान्हे. मारायला नव्हेत.
पान्हा सोडून हात कसे ठेवतात
ते त्यांना माहीत नव्हतं.

सभेत शेठ म्हणाला, हा धंद्याच्या मुळावर आलाय.
भोईर म्हणाला, हा कामगाराच्या पोटावर आलाय.
टाळ्या दोघांना सारख्याच पडल्या.
मग धुरीला विचारलं :
अकरा महिने टिकेल असा जमेल?
तो पंख्याकडे बघत राहिला.
म्हणाला, "ता जास्त कठीण आसा."
मान्य असेल त्यांनी हात वर करा.
मी बँडेजचा हात वर केला.
दुसराही करता आला असता.

जमलं त्याला.
खडूची पूड, आणखी काय काय, चार महिने खपला.
गॅरंटी दहा महिन्यांची, मरण अकराव्यात,
एक दिवस इकडे नाही, तिकडे नाही.
ते मीच मोजलं.
शेठने खूश होऊन त्याला मनगटी घड्याळ दिलं.
ते वर्षात बंद पडलं.

आता शेडच्या जागी काचेची इमारत आहे.
धुरी आचऱ्याला गेला, तिथून पुढेही गेला.
मी कासारवडवलीत, चौदाव्या मजल्यावर, मुलाकडे.
स्वयंपाकघरातल्या नळात तो पहिला वायसर आहे.
सभेच्या दिवशी डब्यात, चटणीच्या वाटीखाली घालून आणला.
चोरी म्हणा.
चार घरं बदलली, प्रत्येक वेळी काढून नेला.
टँकर आला की पाणी येतं, नाही आला की नाही,
पण थेंब गळत नाही.

दिवाळीआधी प्लंबरचा पोरगा दार वाजवतो,
मुरबाडकडचा, संकेत.
"काकू, काही गळतंय का?"
तो यायच्या आधी मी
न्हाणीघरातल्या नळाचा नट
अर्धा आटा सैल करून ठेवते.
परवा पान्हा लावता लावता तो हसला.
काही बोलला नाही. पन्नास घेतले, चहा घेतला.
जाताना म्हणाला, "किचनचाही बघू का?"

नको म्हटलं.
तिकडे मी कुणाला जाऊ देत नाही.