निनावे पेंटर

आडनाव निनावे, आणि धंदा नावं रंगवायचा.
इतवारीत लोक हसायचे यावरून, मीही हसायचो.
दुकानांची शटरं, ट्रकच्या पाट्या, डेअरीच्या भिंतीवरची म्हैस,
हात कधी थरथरला नाही.
थरथरला तो एकदाच,
छिंदवाडा रोडवर.

आमच्या घरात तो नुसता रस्ता होता.
"माय कुठं गेली?"
"छिंदवाडा रोडले."
अकरा महिने. बाबा भेटून परत आले की
चपला दाराबाहेर झटकायचे, बराच वेळ.
ऑटोवाले आजही ओरडतात, पागलखाना, पागलखाना, एक सीट,
आणि चढणारा माणूस बँकेत चाललेला असतो.

मला काम मिळालं तेव्हा आधी जुना बोर्ड खरवडायचा होता.
'वेड्यांचे' सहज निघालं.
'इस्पितळ' चिवट, पोपडा पोपडा धरून बसलेलं.
त्याच्याही खाली इंग्रजी अक्षरं होती, ती मला वाचता आली नाहीत.
मग प्रायमर, दोन हात पांढरा,
आणि दोरी मारून, निळ्यात: मनोरुग्णालय.
बिल आठ महिन्यांनी निघालं.

बेबी माझी बहीण,
माय परत आल्यावर झालेली.
नाव ठेवायचं राहून गेलं, बेबीच राहिली,
आता केस पिकले तिचे.
गल्लीत तिला बैताड म्हणत, येडी म्हणत.
मारबतीच्या दिवशी पोट्टे ओरडायचे,
"रोगराई, खोकला, बेबीले घेऊन जा गे मारबत!"
ती टाळ्या वाजवायची.
आपलं नाव घेतलं, एवढंच तिला कळायचं.

शाळेचा बोर्डही माझाच.
मतिमंद मुलांची शाळा.
लाल अक्षरं, काळी शेड. बेबी स्टुलाला धरून उभी.
पहिलं अक्षर झालं तसं तिचं बोट घेतलं
आणि ओल्या रंगावरून फिरवलं.
म, बेबी.
म, ती म्हणाली. मायचा.
पुढं मागच्या खोलीत मेणबत्त्या करायला लागली,
पस्तीस वर्षांत एवढं एकच अक्षर आलं तिला,
पण पक्कं आलं.
मटकीच्या पुडीवर, मेडिकलच्या चिठ्ठीवर,
मनपाच्या कचरागाडीवर.
एकदा ऑटोतून जाताना
छिंदवाडा रोडच्या बोर्डाकडे बोट करून ओरडली, म!
बाबा दुसरीकडे बघत राहिले.

मग परिपत्रक आलं, शब्द बदला.
बरोबरच होतं. मी सांगतो ना,
तो शब्द माझ्या हातानं लिहिला होता
आणि तो टर्पेंटाइननं गेला नाही.
या वेळी पेंटर नको होता.
फ्लेक्स आला, दीड तासात लागला:
बौद्धिक दिव्यांग प्रशिक्षण केंद्र,
कोपऱ्यात हसरा सूर्य.

सोमवारी बेबी फाटकाशी थांबली.
वर बघितलं. पुन्हा बघितलं.
आत जाईना.
बाई म्हणाल्या, बेबीताई, या ना, तीच शाळा आहे.
शिपाई म्हणाला, सगळं तेच हाय, नाव फक्त बदललं.
तीन दिवस
पायरीवर, डबा मांडीवर, ऊन चढेपर्यंत.
मी मॅडमना म्हटलं, एक अक्षर, कुठंही?
भल्या होत्या त्या.
म्हणाल्या, निनावे, तपासणीला येतात हो,
मजकूर वरून ठरवून दिलाय.

चौथ्या दिवशी पहाटे ब्रश घेऊन गेलो.
फाटकाच्या खांबावर, तिच्या खांद्याच्या उंचीला,
एक म. लाल नाही, निळा.
दरवर्षी चुना मारतात, दरवर्षी तो जातो,
दरवर्षी मी जातो.
गुडघे गेलेत माझे, शिपाई आता स्टूल आणून देतो.

काल रंगवून झाल्यावर ती उभी होती तिथं.
मागून एक नवीन पोरगी आली, दप्तर तिच्याहून मोठं,
हात पुढं करून म्हणाली, हे काय हाय?
बेबीनं तिचं मनगट धरलं, हळूच.
"ओला हाय," ती म्हणाली.
"थांब."